थरथरणारा हात: दारूचा की धातूचा?

वस्तीत एखाद्या कामगाराचा हात थरथरायला लागला की निदानासाठी डॉक्टर लागत नाही. नाक्यावरचा पहिलाच माणूस सांगतो, "पितो." चालताना तोल जायला लागला, घरात विनाकारण चिडचिड वाढली, साध्या गोष्टी आठवेनाशा झाल्या, तरी उत्तर तेच. कधी दारू, कधी वय, कधी कुणाची तरी नजर. पंचवीस वर्षं तो माणूस कशाचा धूर छातीत भरून घेत होता, हे मात्र कुणी विचारत नाही. घरचे विचारत नाहीत, दवाखान्यात विचारलं जात नाही आणि मालकाने विचारावं अशी तर कुणाची अपेक्षाच नसते.

हा प्रश्न आज मांडायचं कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. त्यावर वेतन, संप, नोकरकपात या मुद्द्यांवरून बरीच चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण कामाच्या जागी होणाऱ्या विषबाधेबद्दल आपल्या चळवळीत फारसं कुणी बोललं नाही. खरं तर या विषाचा हिशेब सर्वात आधी आपल्याच घरात मांडावा लागेल.

माटुंग्याचा नकाशा पाहा

माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला व्हीजेटीआय आहे आणि १९३३ साली सुरू झालेली, पूर्वी यूडीसीटी म्हणून ओळखली जाणारी रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. देशातले नामवंत इंजिनिअर आणि रसायनतज्ज्ञ इथे घडले. पश्चिमेला, मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या रुळांमध्ये, माटुंगा वर्कशॉप आहे. जीआयपी रेल्वेने १९१५ साली उभारलेल्या या कारखान्यात आजही डब्यांची मोठी दुरुस्ती होते. तिथून पुढे लेबर कॅम्प आणि धारावी. लेबर कॅम्पने अण्णाभाऊ साठेंचा शाहिरी आवाज ऐकला आणि बाबूराव बागुलांचं लहानपण पाहिलं. धारावीत चामड्याचं काम, भंगार वेचणं, ॲल्युमिनियम वितळवणं, रंगाचे डबे साफ करणं, जुन्या बॅटऱ्या आणि वायरी सोडवणं असे शेकडो धंदे छोट्या छोट्या गाळ्यांत चालतात. माटुंग्यानंतरचं स्टेशन शीव, आणि तिथे केंद्र सरकारची केंद्रीय श्रम संस्था आहे. कामगारांची सुरक्षितता आणि आरोग्य हाच तिच्या अभ्यासाचा विषय.

म्हणजे दोन स्टेशनांच्या अंतरात धातूचं ज्ञान आहे, धातूचं काम आहे आणि त्या कामाने होणाऱ्या आजारांचा अभ्यास करणारी संस्थाही आहे. फक्त हे तिन्ही एकमेकांना क्वचितच भेटतात.

तीन धातू, तीन मार्ग

पहिला मँगनीज. पोलादात तो असतोच, वेल्डिंगच्या रॉडमध्येही असतो. रॉड पेटला की निळसर धूर निघतो आणि त्यात मँगनीजचे अतिसूक्ष्म कण असतात. अन्नातून आलेल्या जादा मँगनीजचा बराचसा बंदोबस्त यकृत करतं. श्वासातून आलेला मँगनीज मात्र तो पहारा चुकवून रक्तात आणि तिथून मेंदूत पोचतो. शरीराच्या हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या आतल्या भागात तो साठतो. ग्लासगोच्या कूपर या डॉक्टरने १८३७ सालीच मँगनीजचं खनिज दळणाऱ्या मजुरांत हा आजार नोंदवला होता. आधी झोप बिघडते, स्वभाव बदलतो, माणूस अकारण हसतो किंवा रागावतो. मग चेहरा निर्विकार होतो, आवाज बारीक होतो, अक्षर लहान होत जातं, पावलं अडखळतात. वरवर पाहता पार्किन्सनच वाटतो, पण पार्किन्सनच्या नेहमीच्या गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही.

महाराष्ट्राला हा धातू परका नाही. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत मँगनीजच्या जुन्या खाणी आहेत. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आवारात डॉ. दराब दस्तूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास माकडांवर किरणोत्सारी मँगनीज वापरून प्रयोग केले. इतर अवयवांतून हा धातू लवकर कमी होतो, मज्जासंस्थेत मात्र तो फार काळ टिकून राहतो, असं त्यांना आढळलं. हे ज्ञान पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी भायखळ्यात तयार झालं. भायखळ्याहून माटुंगा लोकलने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. एवढ्या वर्षांत ते ज्ञान वेल्डिंगच्या गाळ्यापर्यंत पोचलं नाही.

दुसरा शिसं. जुन्या बॅटऱ्या फोडणं, प्लेटा वितळवणं, रेडिएटरला झाळ देणं, जुना रंग खरवडणं, इलेक्ट्रॉनिक भंगार जाळणं, या सगळ्यात शिशाची धूळ आणि धूर असतो. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं आणि तिथे ते वर्षानुवर्षं राहतं. काम सुटलं तरी हाडातून ते थोडं थोडं रक्तात येतच राहतं. मोठ्या माणसात हातांना ताकद देणाऱ्या नसा कमजोर होतात. जास्त विषबाधा झाली तर मनगट लुळं पडून हात खाली लोंबतो. पोटात कळा, बद्धकोष्ठ, डोकेदुखी, विसरभोळेपणा आणि रक्तदाब ही इतर लक्षणं. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर शिशाचा घाव कायमचा असतो, आणि त्यासाठी मुलाने कारखान्यात जावं लागत नाही. बापाच्या कपड्यांवरून, केसांवरून, डब्यावरून ते घरी येतं. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमहून जास्त असावं.

तिसरा पारा. थर्मामीटर, रक्तदाबाची जुनी यंत्रं, ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवे यांत तो असतो. पाऱ्याच्या वाफेने हात, पापण्या, ओठ कापायला लागतात, माणूस बुजरा आणि चिडखोर होतो. फुटलेल्या ट्यूबलाइट शेवटी कचऱ्यात जातात, आणि कचरा उघड्या हाताने कोण उचलतं हे या वाचकांना सांगायला नको.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. प्रत्येक थरथर धातूची नसते. दारूने हात थरथरतो, थायरॉइडने थरथरतो, पार्किन्सनने थरथरतो, काही घराण्यांत ती आनुवंशिकही असते. नेहमीच्या वेल्डिंगमुळे खरा पार्किन्सन होतो का, यावर संशोधकांत मतभेद आहेत. पण मँगनीज, शिसं आणि पारा जास्त प्रमाणात शरीरात गेले तर मेंदू आणि नसा बिघडतात, यावर कुणाचाही मतभेद नाही. म्हणून तपासणीशिवाय "धातूच" म्हणणं जितकं चूक, तितकंच तपासणीशिवाय "दारूच" म्हणणंही चूक. फरक एवढाच की दुसरी चूक रोज होते आणि तिची किंमत कामगार मोजतो. दारुड्या ठरलेल्या माणसाला भरपाई मिळत नाही. त्याला सहानुभूतीसुद्धा मिळत नाही, घरातूनही नाही.

धुरालाही जात असते

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तिथे मांडलं. ते आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या कामाची जी फोड केली, ती कमी आठवते. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टरसुद्धा होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात. जात केवळ कामाची वाटणी करत नाही, ती काम करणाऱ्यांचीच उतरंड लावते, हा बाबासाहेबांचा सिद्धांत रुळांवर असा दिसत होता.

ही उतरंड कामाबरोबर विषही वाटते. सर्वात गरम, धुळीचं आणि घाणीचं काम कंत्राटदाराकडे जातं. कंत्राटदार ते नाक्यावरच्या माणसाला देतो. कायम कामगाराला निदान दवाखाना आहे. मध्य रेल्वेचं भायखळ्याचं रुग्णालय तर बाबासाहेबांच्याच नावाचं आहे. त्याच पद्धतीचं काम बाहेरच्या गाळ्यात रोजंदारीवर करणाऱ्याला यातलं काहीच नाही.

यात भूकही भर घालते. शरीरात लोह कमी असेल तर आतडी शिसं आणि मँगनीज जास्त शोषतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. भंगार निवडायला बसलेली आपली बाई त्याच धुळीत बसलेल्या धडधाकट माणसापेक्षा जास्त विष घरी नेते, ते यामुळे. कामगाराला गूळ, केळं किंवा दूध देऊन मालक समाधान मानतात. पोषण म्हणून ते चांगलंच आहे, पण त्याने धूर कमी होत नाही. तोंडावर रुमाल बांधूनही तो थांबत नाही, कारण धातूच्या धुराचे कण कापडाच्या विणीतून सहज पार होतात. धूर जिथे निघतो तिथेच तो ओढून बाहेर टाकणारा पंखा आणि नळी हवी, योग्य प्रतीचा मास्क हवा, हात धुवायची सोय हवी, कामाचे कपडे तिथेच बदलता यायला हवेत.

कायदा आहे, पण कुणासाठी?

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब श्रमखात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत कामगार आरोग्य विम्यावरचा अडारकर अहवाल १९४४ साली आला आणि पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा, म्हणजे आपलं ईएसआयसी, त्यावर उभं राहिलं. त्या कायद्यात व्यावसायिक आजार ही कामावर झालेली इजाच मानली आहे. शिसं, मँगनीज आणि पारा यांचे आजार त्या यादीत आहेत. कामावर पडून हात मोडला किंवा शिशाने हात लुळा पडला, तर हक्क सारखाच. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानेही हे आजार 'कळवणं बंधनकारक' अशा यादीत घातले. आजार आढळला तर तो सरकारी निरीक्षकाकडे कळवण्याची जबाबदारी कारखान्याच्या व्यवस्थापकावर आणि तपासणाऱ्या डॉक्टरवरही टाकली. नव्या संहितेतही ती तरतूद कायम आहे.

मग अडतं कुठे? तीन ठिकाणी.

पहिलं, उंबरठा. जुन्या कायद्यात वीज वापरणाऱ्या जागी १० कामगार असले की तो कारखाना ठरायचा. नव्या संहितेत ही संख्या २० झाली, आणि वीज नसलेल्या जागी २० ऐवजी ४०. धारावीतल्या कितीशा गाळ्यांत २० माणसं मावतात? जिथे हवा सर्वात कमी खेळते, तीच जागा कारखाना ठरत नाही.

दुसरं, मोजमाप. भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात हवेतल्या विषारी पदार्थांच्या मर्यादा घातल्या गेल्या. त्यात शिशाची मर्यादा घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅम होती. अमेरिकेने १९७८ सालीच ती ०.०५ वर आणली होती. मँगनीजच्या धुरासाठी आपल्याकडे १ मिलिग्रॅमची मर्यादा होती. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली श्वासातून खोल जाणाऱ्या मँगनीजच्या कणांसाठी ०.०२ मिलिग्रॅमची शिफारस केली, म्हणजे आपल्या मर्यादेच्या पन्नासाव्या हिश्शाची. तिथला सरकारी कायदाही या शिफारशीच्या मागेच आहे. पण तज्ज्ञांचं म्हणणं कुठे चाललंय, ते यावरून कळतं. रंगाचंही तसंच. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचे नियम २०१६ साली आले. औद्योगिक रंग त्या नियमांबाहेर राहिले. म्हणजे घराची भिंत रंगवणाऱ्याला थोडं संरक्षण मिळालं. लोखंडी सांगाड्यावरचा जुना रंग घासणाऱ्याला ते मिळालं नाही.

तिसरं, वेळ. नव्या संहितांबरोबर चाळिशीपुढच्या कामगारांना दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी देण्याची घोषणा झाली. चांगली गोष्ट आहे. पण सोळाव्या-सतराव्या वर्षी हातात ग्राइंडर घेतलेला मुलगा चाळिशीला पोचतो तेव्हा त्याच्या पाठीशी तेवीस-चोवीस वर्षांचा धूर असतो. शिवाय साध्या तपासणीत रक्तातलं शिसं मोजलं जात नाही, ते सांगून मोजावं लागतं. मँगनीजचं तर आणखी अवघड. मेंदूच्या एमआरआयमध्ये दिसणारी त्याची खूण काम सुटल्यावर काही महिन्यांत पुसट होते, लक्षणं मात्र राहतात. आजारी माणूस आधी काम सोडतो, मग गावी जातो, मग कधीतरी डॉक्टरकडे जातो. तोवर पुरावा गेलेला असतो.

कोडाईकॅनॉलने काय शिकवलं

तमिळनाडूतल्या कोडाईकॅनॉलला थर्मामीटरचा कारखाना होता. तो अमेरिकेतून १९८३ च्या सुमारास तिथे हलवला गेला आणि पुढे हिंदुस्तान लिव्हरकडे आला. या कंपनीचं मुख्यालय आपल्या मुंबईत. पारा लागलेली काच भंगारात विकली गेल्याचं स्थानिकांनी आणि पर्यावरण कार्यकर्त्यांनी उघड केलं आणि २००१ साली कारखाना बंद झाला. कामगारांच्या आरोग्यावर परिणाम झाल्याचं कंपनीने मान्य केलं नाही. शेवटी मार्च २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी मानवतेच्या भूमिकेतून आर्थिक तडजोड झाली. पंधरा वर्षं लागली.

ते कामगार टिकले कशाच्या जोरावर? ते एका कारखान्यात होते, त्यांची यादी होती, संघटना होती, आणि त्यांनी कागद जपले. आपला माणूस वीस वर्षांत बारा गाळे बदलतो. हजेरीपट नाही, पगाराची चिठ्ठी नाही. कोणत्या धुराने आजारी पडलो हे त्याला सांगता येत असलं तरी सिद्ध करता येत नाही. म्हणून आपली लढाई कोर्टाच्या कितीतरी आधी, वहीपासून सुरू होते.

आपण काय करायचं?

इटलीचा डॉक्टर रामाझ्झिनी याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत त्याने एकाची भर घातली: तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षांनंतरही आपल्याला तिथूनच सुरुवात करायची आहे.

एक. वस्तीतल्या प्रत्येक धातू कामगाराची कामाची नोंद लिहून काढा. कोणत्या वर्षापासून, कुठल्या जागी, काय काम, दिवसाला किती तास, धूर बाहेर जायची सोय होती की नाही. सोबत गेटपास, पगाराची चिठ्ठी, कामाच्या जागेचा फोटो, जे असेल ते. विहारातला एक शिकलेला मुलगा रविवारी दोन तास बसला तरी महिन्याभरात एक चाळ होते.

दोन. जयंतीला, वर्षावासात आपण आरोग्य शिबिरं घेतो. रक्तदाब आणि साखर मोजतो. बॅटरी, भंगार आणि रंगकामातल्या घरांसाठी त्यात रक्तातल्या शिशाची चाचणी आणि हिमोग्लोबिन जोडा. मुलांना आधी घ्या. ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं तर स्रोत शोधून तो बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शन आहे. आपल्या समाजात आज डॉक्टर आहेत, नर्स आहेत, लॅब चालवणारे आहेत. त्यांच्याकडे देणगीऐवजी हे काम मागा.

तीन. दवाखान्यात रुग्णासोबत जाल तेव्हा केसपेपरवर त्याचं काम लिहून घ्या. 'मजूर' एवढंच नको. 'वेल्डर, १८ वर्षं' असं हवं. व्यावसायिक आजाराचा संशय असेल तर तो कळवणं डॉक्टरवर कायद्याने बंधनकारक आहे, हे नम्रपणे पण ठाम सांगा.

चार. माहितीचा अधिकार वापरा. मुंबईत गेल्या दहा वर्षांत शिसं, मँगनीज आणि पारा यांचे किती आजार कळवले गेले, किती ठिकाणची हवा मोजली, हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला विचारा. ईएसआयसीला विचारा की यांपैकी किती जणांना अपंगत्वाचा लाभ मिळाला. आकडा मोठा आला तर तो बातमी आहे. शून्य आला तर ती त्याहून मोठी बातमी आहे.

पाच. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एक दार उघडं आहे. केंद्र सरकारने धोकादायक म्हणून जाहीर केलेल्या व्यवसायात एकच कामगार असला तरी तिथे ईएसआयसी लागू करता येतं. बॅटरी फोडणं, धातू वितळवणं, वेल्डिंग आणि इलेक्ट्रॉनिक भंगार हे धंदे त्या यादीत घ्या, ही नेमकी मागणी घेऊन आमदार-खासदारांकडे जा. संहिता रद्द करा ही मागणी ज्यांना करायची त्यांनी जरूर करावी. पण तोवर गाळ्यातला माणूस वाट पाहू शकत नाही.

एक अडचण आपण आपसात बोलायलाच हवी. गाळ्याचा मालक पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो, कधी आपल्याच समाजातला. तोही त्याच धुरात उभा असतो. गाळा बंद पडला तर दहा चुली विझतात. म्हणून सुरुवात छाप्याने करू नका, पंख्याने करा. गाळ्यांच्या एका ओळीने मिळून धूर ओढणारी यंत्रणा बसवली तर खर्च वाटला जातो. तिची रचना करून द्यायला रुळांच्या पलीकडे इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे, आणि तिथे आपली मुलंही शिकतात. त्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला यापेक्षा चांगला विषय कोणता?

तथागतांनी दुःख आहे एवढंच सांगून थांबायला सांगितलं नाही. त्याचं कारण शोधा, ते दूर होऊ शकतं आणि त्याला मार्ग आहे, हेही सांगितलं. वस्तीतल्या थरथरणाऱ्या हाताला आपण आजवर दुःख म्हणून पाहिलं, फार तर दोष म्हणून. त्याचं कारण शोधायचं काम बाकी आहे. पुढच्या वेळी नाक्यावर कुणी "पितो" म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: आधी हा काम काय करत होता?

जय भीम!